ऑपरेटरबाई पुतळ्याच्या आड येतात

हेडक्लार्कनी चौतीस वर्षांच्या नोकरीत स्वतःहून एकही गोष्ट केली नव्हती, आणि तब्येत त्यामुळेच टिकून होती. पण रिटायर व्हायला चार महिने उरले आणि त्यांना हुक्की आली! एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून ते बायकोला म्हणाले, "बघच तू! जाण्याआधी गावाला असा एक पुतळा देऊन जातो की लोक नाव काढतील!"

"कोणाचा?" बायको म्हणाली. "तुमचा नको हं. घरात एक आहे तेवढा पुरे."

पुतळा होता एका टेलिफोन ऑपरेटरबाईंचा. नगरपालिकेचे जुने कागद रद्दीला काढताना हेडक्लार्कना एक रजिस्टर सापडलं होतं. बावन्न वर्षांपूर्वी पूर आला, तेव्हा एक्सचेंजमधली चोवीस वर्षांची ऑपरेटर एकतीस तास खुर्चीवरून हलली नव्हती. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा बाईंनी पाय टेबलावर घेतले आणि फोन जोडत राहिल्या. खालच्या वस्तीतली शेकडो माणसं वेळेवर बाहेर पडली ती त्या फोनमुळे. पदक मात्र मिळालं एक्सचेंजच्या सुपरिंटेंडेंटना, आणि ते तेव्हा गच्चीवर होते! बागेत त्यांचा अर्धपुतळाही आहे. कावळे तिथे न चुकता हजेरी लावतात.

हे वाचून हेडक्लार्कना मनापासून वाईट वाटलं, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना शिव्या द्याल.

आता बाई हयात आहेत की नाहीत, हे कोणी विचारलं? कोणीही नाही. फाईल इतकी जीर्ण, तर त्यातलं माणूस कसलं टिकतंय! कमिटीत सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि पुतळा मंजूर झाला. अडलं ते अगदी शेवटी, पाथरवटापाशी.

"साहेब, पाटीवर नाव कोरलं, जन्माचं साल कोरलं, पुढे रेघ मारली. रेघेच्या पुढे काय?"

"चौकशी करून सांगतो."

"करा की. पण उद्यापासून माझी माणसं दुसरीकडे जाणार. रेघ अशीच लोंबकळत ठेवू?"

नियम असा, की माणूस जाऊन दहा वर्षं झाल्याशिवाय त्याचा पुतळा उभारता येत नाही. हेडक्लार्कनी बोटं मोजली आणि अकरा वर्षांपूर्वीचं साल ठोकून दिलं. पाथरवटाने ते कोरलं. पाटीवरून ते फाईलवर आलं, फाईलवरून मंजुरीपत्रात गेलं, आणि मंजुरीपत्राची एक प्रत गेली जन्म-मृत्यू विभागात. तिथल्या बाई फार चोख! त्यांनी ताबडतोब रजिस्टरात नोंद करून टाकली आणि त्या महिन्याची मयतांची यादी नेहमीप्रमाणे पालिकेच्या दवाखान्याला पाठवली. एरवी खरी गोष्ट या टेबलावरून त्या टेबलावर जायला आमच्याकडे वर्ष लागतं. ही आठ दिवसांत सगळीकडे पोचली!

अनावरण सोमवारी सकाळी दहाला ठरलं. शुक्रवारी दुपारी हेडक्लार्कच्या खिडकीशी जाड चष्मा लावलेल्या एक म्हाताऱ्या बाई येऊन उभ्या राहिल्या.

"दवाखान्यातून पत्र आलंय. शेजारणीकडून वाचून घेतलं," त्या म्हणाल्या. "मी वारले म्हणून माझं डोळ्याचं ऑपरेशन रद्द केलंय म्हणे. पत्र माझ्याच नावाने पाठवलंय."

हेडक्लार्कनी पत्रावरचं नाव वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. गेले दोन महिने ते हेच नाव दिवसातून दहा वेळा लिहीत होते!

"चौदा महिने नंबर लावून बसलेय हो," बाई म्हणाल्या. "डावा डोळा गेलाच. उजव्याचं सोमवारी अकराला करणार होते. हा नंबर गेला तर परत चौदा महिने. तोवर उजवाही जाईल."

जन्म-मृत्यू विभागातल्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि एक फॉर्म पुढे सरकवला. "ज्या विभागाने मृत्यू कळवला, त्याने लिहून द्यायचं की साल चौकशी न करता, अंदाजाने कळवलं होतं. खाली सही करायची. की झाल्या बाई जिवंत!"

काम एका सहीचं! पण सही केली की पुतळा रद्द, आणि रिटायर व्हायच्या तोंडावर चौकशी मागे. हेडक्लार्कनी कपाळाचा घाम पुसला. मग डोकं चालवलं, आणि थकलेलं डोकं चालवू नये ते यासाठीच.

"बाई, असं करू या," ते ऑपरेटरबाईंना हळूच म्हणाले. "सोमवारी दहाला एक छोटासा कार्यक्रम आहे. तो उरकला की साडेदहाला मी तुम्हाला जिवंत करतो. अकराला ऑपरेशन!"

"कार्यक्रमात भाषण आहे?"

"आहे. मुख्याधिकारी साहेबांचं."

"मग नको. आमच्या सुपरिंटेंडेंटचं पदक घेतानाचं भाषण दीड तास चाललं होतं. मुख्यालयाला ते फोनवरून ऐकवायची लाइन मीच जोडून दिली होती ना!"

आता लपवण्यात काही अर्थ उरला नव्हता. हेडक्लार्क बाईंना हाताला धरून बागेत घेऊन गेले आणि पुतळ्यावरचं कापड वर केलं. बाई नाक टेकेल इतक्या जवळ गेल्या.

"कोण आहे हे?"

"तुम्ही."

बाईंनी पुतळा चाचपायला सुरुवात केली. खांदे झाले, कोपर झालं, हात झाला.

"हातात काय दिलंय? पुस्तक?"

"शिल्पकार म्हणाला, बाई म्हटली की पुस्तक नाहीतर दिवा. दिव्याचा साचा फुटला होता."

"एकतीस तासांत मला पाणी प्यायला फुरसत नव्हती, आणि मी पुस्तक वाचत होते होय?" बाई हसल्या. मग चष्मा पुसून त्यांनी पुन्हा एकदा मान वर केली. "मला नुसतं पांढरं पांढरं दिसतंय. मूर्ती चांगली झालीय का हो? मला बघायची होती."

हेडक्लार्कना एकदम खूप थकल्यासारखं वाटलं. स्वतःचाच राग आला. बाईंना बाकावर बसवून ते वर गेले, फॉर्म मागितला आणि सही ठोकली. इतकी जोरात, की कागदाला भोक पडलं.

साहेब तर कडाडलेच! "निमंत्रणं गेली! मांडव घातलाय! आणि तुम्ही बाईंना जिवंत करून बसलात? माझं भाषण लिहून तयार आहे! पंचवीस पानी!"

"साहेब, त्यांना अकराला ऑपरेशनला पोचायचंय," हेडक्लार्क म्हणाले. पंचवीस पानं ऐकल्यावर आपण योग्य तेच केलं, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नाही.

संध्याकाळच्या आत खुलासा मागवणारा मेमो त्यांच्या टेबलावर आला. चौतीस वर्षांतला पहिलाच! घरी गेल्यावर बायकोने विचारलं, "काय मग, काढताहेत का लोक नाव?"

"काढताहेत," हेडक्लार्क म्हणाले आणि आडवे झाले.

सोमवारी मांडव उतरवला. पुतळा बागेच्या गोदामात मोडक्या बाकांशेजारी गेला. अकराला बाईंचा डोळा झाला, आणि उत्तम झाला. फाईलवर साहेबांनी शेरा मारला : "संबंधित व्यक्ती मयत झाल्यावर, नियमातील मुदत संपताच प्रकरण पुन्हा सादर करावे." आता प्रकरण प्रलंबित म्हटलं की दरमहा स्मरणपत्र जाणार, हा कचेरीचा शिरस्ता. त्यामुळे पहिल्या तारखेला बाईंना रीतसर छापील पत्र गेलं : सदर बाबीची सद्यःस्थिती त्वरित कळवावी.

हेडक्लार्कना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. माफी मागायला जायचं त्यांनी रोज ठरवलं आणि लाजेने रोज पुढे ढकललं. शेवटी रिटायर व्हायच्या दिवशी बाईंचंच कार्ड आलं. अक्षर ठसठशीत, ओळी सरळ.

"आपले पत्र मिळाले. अजून नाही. गोदामात जाऊन पुतळा डोळ्यांनी पाहिला. नाक माझे नाही, पण बरे आहे, राहू द्या. पुस्तक मात्र काढा. वेळ भरपूर आहे."

हेडक्लार्कनी ते दोनदा वाचलं, आवक शिक्का मारला आणि कार्ड फाईलला लावलं. मग पेन काढून, चौतीस वर्षांत पहिल्यांदाच कोणालाही न विचारता, त्यांनी स्वतःच्या मनाचा एक शेरा लिहिला : "घाई नाही."

फाईल साहेबांकडे गेली. तासाभराने परत आली तेव्हा त्या शेऱ्याखाली लाल शाईत लिहिलं होतं : "चर्चा करावी."