सात घंट्या

मंदा आमच्या दाराची घंटा सात वेळा वाजवते. एकदा हलकेच, एकदा जोरात, एकदा बोट तसंच दाबून धरून, एकदा कोपराने, आणि उरलेल्या तीन तिच्या मनाला येतील तशा. दार उघडलं की म्हणते, "काका, चांगली हाय घंटा. मोडंना."

परभणीत आमच्या शेजारी राहणारी ही तिशीतली बाई वस्तू मोडायचा पगार घेते. म्हणजे मोबाइलमधली नवी ॲप लोकांच्या हातात जायच्या आधी ती उलटीसुलटी वापरून बघते आणि कुठे अडतात ते कंपनीला कळवते. याला टेस्टिंग म्हणतात. असल्या कामाची नोकरी असते हे मला बरेच दिवस खरंच वाटत नव्हतं.

मूळची सोनपेठकडची. नववीत असताना आई अंथरुणाला खिळली, घर हिच्या अंगावर पडलं आणि शाळा सुटली ती सुटलीच. पुढे परभणीत शिवणकाम करताना कळलं, की शिक्षणाची अट नसलेला टेस्टिंगचा वर्ग निघालाय. ही गेली. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "स्क्रीनवरचा बग शोधा." बग म्हणजे चूक, हे हिला कुठलं ठाऊक? आमच्याकडे बग म्हणजे बघ. तासाभराने सरांनी विचारलं, "बग सापडला का?"

"बगायले की सर."

"अहो, पण बग कुठाय?"

"इथंच बगायले. हललेच न्हाई."

सरांनी कपाळावर हात मारला. पण तासभर टक लावून बसलेल्या मंदाला त्या पानावर अकरा चुका दिसल्या होत्या आणि सरांना सातच माहीत होत्या.

तेव्हापासून तिला आवरणं कठीण. रेशन दुकानात तिने उणे दोन किलो तांदूळ मागितले. "म्हणजे तुमी मला द्यायचे का?" दुकानदार म्हणाला. "बराबर," मंदा म्हणाली, "तुमचं डोस्कं चालू हाय." एसटीत कंडक्टरकडे परभणी ते परभणी तिकीट मागितलं. माझ्या पुतण्याच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना भटजींना विचारलं, "नवरदेव न्हाई म्हणला तर पुढं काय हाय?" भटजी मंगलाष्टक विसरले. नवरदेव विचारात पडला.

"माणूस कुठं अडकंल ते आधीच बगावं लागतं," हे तिचं पालुपद.

एका सकाळी घंटा एकदाच वाजली. मला वाटलं, दुसरंच कुणी असेल. दारात मंदा, हातात लॅपटॉप. कंपनी तिला कायम करणार होती आणि त्याचा अर्ज संध्याकाळपर्यंत भरायचा होता. पण 'दहावी उत्तीर्ण वर्ष' हा रकाना मोकळा ठेवला की अर्ज पुढे सरकत नव्हता.

"टाक कोणतं तरी साल," मी म्हणालो. "कोण बघतंय?"

"टाकून बगितलं. अठराशे पन्नास बी घेतलं त्यानं. पण काका, मी दहावीला बसलेच न्हाई की." मग म्हणाली, "शाळा सुटली तवा बी कुणी इचारलं न्हाई, पुढं काय म्हणून."

मला लाज वाटली. मी तीस वर्षं कारकुनी केली. रकाना मोकळा दिसला की 'अपूर्ण' असा शिक्का मारायचा आणि अर्ज परत. तो घेऊन माणूस कुठे जातो हे मी एकदाही बघितलं नाही.

मंदा आमच्या ओट्यावरच बसली आणि तिने कंपनीला त्यांच्याच अर्जातली चूक रीतसर कळवली. मी वाचली: 'दहावीचा रकाना मोकळा ठेवल्यास माणूस इथंच अडकतो. त्याला काम येत असलं तरी.' खाली चूक किती गंभीर आहे ते लिहायचं होतं. तिथे तिने लिहिलं, 'लय.'

संध्याकाळ झाली, मुदत संपली. दोन दिवस ती दिसली नाही. घर फार शांत होतं आणि ते मला आवडलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी घंटा वाजली, हलकेच. मी लगबगीने उठलो आणि दाराशी जाऊन थांबलो. मग जोरात वाजली. मग बोट दाबून धरून. बायको आतून म्हणाली, "अहो, उघडा की."

बाहेर मंदा एकटीच हसत होती. "काका, रकाना मोकळा ठेवला तरी सरकला अर्ज," ती दाराआडूनच म्हणाली. मी कडीवर हात ठेवून सातवी वाजेपर्यंत उभा राहिलो.