दर बुधवारी नवं गाव

कुरामोचींचा बेत इतका बिनतोड होता की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. दर बुधवारी अर्धी रजा टाकायची, नागोया स्टेशनमागच्या समुपदेशक मिनेगिशीबाईंपुढे तासभर मन मोकळं करायचं, आणि कचेरीत कुणाला सुगावासुद्धा लागू द्यायचा नाही.

गिझरच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेऊन घेऊन ते फोनच्या आवाजालाच धास्तावले होते. घरचा फोन वाजला तरी ते आधी माफी मागत. एप्रिलमध्ये गिझरचे जुने नकाशे ठेवायच्या खोलीतले म्हातारबा निवृत्त होणार होते. त्या खोलीत फोन नव्हता! ती जागा कुरामोचींना द्यायची, असं साहेबांनी जवळजवळ कबूल केलं होतं. पण समुपदेशनाचं कळलं आणि ‘माणूस कच्चा आहे’ असा शिक्का बसला, की गेलीच ती खोली हातची.

म्हणून पहिल्या बुधवारी ते सहज म्हणाले, “जरा गिफूला जाऊन येतो.”

गुरुवारी सकाळी शेजारच्या टेबलावरच्या त्सुबोईबाईंनी त्यांचे रिकामे हात पाहिले. “गिफूतली दुकानं बंद होती वाटतं?”

कुरामोचींना चूक कळली. गावाला जाऊन आलेल्या माणसाने कचेरीसाठी मिठाई आणायची नाही म्हणजे काय? “घरी विसरलो,” असं पुटपुटत त्यांनी दुपारी एका मोठ्या दुकानाचं तळघर गाठलं. तिथे गावोगावची मिठाई मिळते. पुढच्या आठवड्यात त्यांनी तोच खोका आणला, तर बाई म्हणाल्या, “परत गिफूच?” मग दर बुधवारी गाव बदलणं आलं. इसे झालं, ताकायामा झालं, हमामात्सू झालं.

“आज मनात काय चाललंय?” मिनेगिशीबाईंनी विचारलं.

“पुढच्या आठवड्यात कुठे जाऊ, सुचत नाही.”

“ही काळजी कधीपासून लागली?”

“तुमच्याकडे यायला लागलो तेव्हापासून.”

बाईंनी वही मिटली. मग हळूच म्हणाल्या, “तोयोहाशी झालं का?”

इकडे कचेरीत भलतंच सुरू झालं होतं. कुरामोचींचा फोन वाजला की दुसरंच कुणीतरी उचलायचं. न सांगता टेबलावर चहा यायचा. साहेबांनी तर जिन्यात खांद्यावर हात ठेवला आणि “धीर सोडू नका,” म्हणून निघून गेले. कुरामोचींना काही कळेना. हा उपचारांचा गुण म्हणावा, तर उपचार आपल्यावर चाललेत आणि बदलतायत बाकीचेच!

अखेर एका गुरुवारी त्सुबोईबाईंनी त्यांच्यापुढे एका मुलीचा फोटो ठेवला. “माझी भाची. गुरांची डॉक्टर आहे. स्वभावाने गरीब, ही नाही म्हणायची नाही.”

“कशाला?”

“आता लपवता कशाला? इस्त्रीचा सदरा घालून दर बुधवारी नव्या गावाला जाता, डोळे लाल करून परत येता. एक गिफू सोडलं, तर एका गावचं म्हणून दुसऱ्यांदा बोलावणं नाही. मुलीच बघताय ना?”

सगळी कचेरी माना खाली घालून ऐकत होती. मिनेगिशीबाई नेहमी सांगत, जड वाटतं ते एकदा बोलून टाका. बिचाऱ्या भाचीचा चेहरा पाहून कुरामोचींना खोटं पुढे रेटवेना. ते उठले, कमरेत वाकले आणि म्हणाले, “मी मुली बघत नाही. समुपदेशकाकडे जातो. मन थाऱ्यावर नसतं माझं.”

कुणी हसलं नाही. त्सुबोईबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. “इतके नकार पचवायचे म्हणजे आणखी काय होणार!”

साहेबही गहिवरले. “बरं झालं वेळेत बोललात. अशा अवस्थेत तुम्हाला त्या नकाशांच्या खोलीत एकटं बसवायचं? पाप लागेल मला. इथेच राहा, चार माणसांत. उद्यापासून दुसरा फोनही तुमच्याच टेबलावर ठेवू. सतत कुणीतरी बोलत राहील तुमच्याशी.”

कुरामोची पुन्हा वाकले, आणि त्यांनी साहेबांचे मनापासून आभार मानले.