चार वर्षांत एकही रजा नाही!

गुनवोरनं चष्मा नाकावर चढवला, काउंटरवर कोपर टेकलं आणि पत्र मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं, कारण समोर आल्गोत बसला होता.

"आमचा बेकर मलखाज याने चार वर्षांत एकही रजा घेतलेली नाही! नाताळात नाही, उन्हाळ्यात नाही, दाढ काढली त्या दिवशीसुद्धा नाही. त्याच्या हातची पातळ पोळी खायला लोक दीडशे किलोमीटरवरून येतात. असा माणूस तुम्हाला अख्ख्या स्वीडनमध्ये सापडणार नाही!"

"सापडणार कसा? तो जॉर्जियाचा आहे," आल्गोत म्हणाला आणि पोळीवर आणखी लोणी थापलं.

आल्गोत लाकूड गिरणीतला निवृत्त मुकादम. वय बहात्तर. रोज सकाळी सात वाजता तो गुनवोरच्या बेकरीत यायचा, मलखाजनं भाजलेल्या दोन पोळ्या खायचा आणि बाहेरून आलेले लोक आपल्या नोकऱ्या कशा पळवतात हे मलखाजलाच समजावून सांगायचा. मलखाज शांतपणे ऐकायचा आणि तिसरी पोळी वाढायचा.

मलखाजला आता कायमच्या वास्तव्याचा परवाना हवा होता. तो मिळाला की पुढे नागरिकत्वाचा अर्ज. परवान्याच्या कचेरीनं फक्त पगाराच्या पावत्या मागितल्या होत्या. पत्र कुणीही मागितलं नव्हतं! पण म्यूरसेले गावात साडेसहाशे माणसं, त्यांत बेकर एक, आणि तो आपल्याकडे आहे या अभिमानानं गुनवोर इतकी फुगली होती की पत्र लिहिलं नसतं तर फुटलीच असती.

जूनच्या मध्यावर उत्तर आलं. खाली सही होती मार्गित ल्युंग या बाईंची.

"सविस्तर माहितीबद्दल आभार. तुमच्याच पत्रानुसार कर्मचाऱ्याला चार वर्षांत शून्य दिवस रजा मिळाली. नियमानुसार वर्षाला पंचवीस मिळायला हव्यात. अटी पाळल्या गेलेल्या नसल्यामुळे अर्ज नामंजूर करण्याचा विचार आहे. खुलासा पाठवावा."

गुनवोरनं ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा खाली बसून.

"गुनवोरबाई, माझं काय चुकलं?" मलखाजनं विचारलं. त्या गावात पाद्र्यालाही सगळे अरे-तुरे करतात, पण मलखाजला ते काही जमत नव्हतं.

"तू काम केलंस!"

"मग काम करायचं नव्हतं?"

"करायचं होतं रे, पण इतकं नाही!"

"तुम्ही सारखं म्हणायचात, घे रजा, घे रजा. मला वाटलं, चांगलं बोलायची पद्धत असेल. आमच्याकडे पाहुणा निघाला की आम्ही म्हणतो, बसा हो. तो थोडाच बसतो!"

गुनवोरनं कचेरीत फोन लावला. एक्केचाळीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक तरुण आवाज आला. "मार्गित रजेवर आहेत. ऑगस्टमध्ये येतील."

"आणि तोवर आम्ही काय करायचं?"

"तुम्हीही रजा घ्या," आवाज म्हणाला, आणि तो थट्टा करत नव्हता. मलखाजला आजच रजेवर पाठवा, एकदम पाच आठवडे. त्याच्या जागी दुसरं माणूस ठेवा आणि तसा पुरावा जोडा. मात्र या काळात त्यानं बेकरीत पिठाला बोट जरी लावलं, तरी ती रजा धरली जाणार नाही.

दुसरं माणूस! गुनवोरनं दारावर जाहिरात लावली. पाच दिवसांत एकही अर्ज आला नाही. पहाटे तीनला उठायचं म्हटल्यावर गावातली बेकार माणसंसुद्धा एकाएकी कामात बुडाली. सहाव्या दिवशी सातला आल्गोत आला. दुकानात सात गिऱ्हाइकं होती. गुनवोरनं खुंटीवरचा एप्रन काढला आणि त्याच्या पुढ्यात टाकला.

"चार वर्षं म्हणतोयस ना, नोकरी पळवली म्हणून? ही घे. परत आणली तुझ्यासाठी."

सात गिऱ्हाइकं आल्गोतकडे बघत होती. माणूस मुकादम होता, त्याला माघार घेणं ठाऊक नव्हतं. त्यानं एप्रन बांधला. त्याच्या नाड्या मागे पुरल्या नाहीत, म्हणून मधे दोरी लावली.

मलखाजची रजा सुरू झाली. पहिल्या दिवशी गुनवोरनं त्याला आपल्या अंगणातल्या झोळीत झोपवलं. तो अकरा मिनिटं झोपला आणि उठून झोळीचा खांब सरळ केला. दुसऱ्या दिवशी त्याला मासे धरायला पाठवलं, तर त्यानं तळ्याचा धक्का दुरुस्त केला. तिसऱ्या दिवशी शेजारणीचं वर्षभराचं सरपण फोडून, रचून, वर ताडपत्री बांधून टाकली.

"ही रजा आहे?" गुनवोर ओरडली.

"आल्गोतकाका रजेत घर रंगवायचे, असं तेच सांगतात."

"तो स्वीडिश आहे! त्याला चालतं!"

मग अख्खं गाव राखणीला लागलं. मलखाजच्या हातात कुऱ्हाड दिसली की कुणीतरी धावत जाऊन तिच्या जागी आइस्क्रीम ठेवायचं. "आमच्या बेकरला कुणी हात लावून दाखवा!" असं म्हणत पोस्टमननं त्याला आरामखुर्ची भेट दिली. मलखाजनं ती रस्त्यापलीकडे, बेकरीच्या बरोबर समोर मांडली आणि नाकानं वास घेत बसू लागला.

वासावरूनच त्याला दुसऱ्या गुरुवारी कळलं.

झालं असं की, आल्गोतनं खमीर तीस ग्रॅमऐवजी तीनशे ग्रॅम घातलं. त्यात बाहेर उन्हाळा, आत भट्टी. पीठ फुगलं, पातेल्याचं झाकण उचललं गेलं, पीठ टेबलावरून उतरलं आणि दाराकडे निघालं. आल्गोत दोन्ही हातांनी ते आवरत बसला. इकडे चारशे अंशांच्या भट्टीत पोळी! ती पस्तीस सेकंदांत काढायची असते. पन्नासला तिचा पापड होतो, साठला कोळसा. आल्गोतच्या पोळ्यांना नऊ मिनिटं झाली होती. धूर, घंटा, आणि पाठोपाठ आगीचा बंब!

मलखाज रस्ता ओलांडून धावला. दारात गुनवोर दोन्ही हात पसरून उभी.

"आत पाऊल टाकलंस तर थेट जॉर्जियात, कुटाइसीला जाशील! खिशात हात घाल!"

मलखाजनं खिशात हात घातले. आतून आल्गोत ओरडला, "अरे, भट्टीचं झाकण कुठंय?"

"डावी..."

"गप्प! सांगणं हेही कामच!"

मलखाजनं आभाळाकडे बघितलं. "मी असाच बोलतोय," तो ढगांना म्हणाला. "जगात कुणाचीही भट्टी असली, तरी तिचं झाकण सहसा डावीकडे, पाण्याच्या बादलीमागे असतं."

झाकण बसल्याचा आवाज आला. त्याच वेळी बंबामागे एक कॅरॅव्हॅन थांबली आणि गवती टोपी घातलेली एक बाई उतरली.

"प्रसिद्ध पातळ पोळी इथंच मिळते ना? उत्तरेकडे निघाले होते, म्हटलं वाटेत खाऊन बघावी. इतकं छान पत्र लिहिलंय कुणीतरी!"

"कुठलं पत्र?" गुनवोरनं विचारलं.

"मी मार्गित ल्युंग."

बंबाची मोटरसुद्धा बंद पडली.

"पण घाबरू नका," मार्गितबाईंनी घाईघाईनं दोन्ही हात वर केले. "मी रजेवर आहे! रजेत मी प्रकरणांवर बोलत नाही, ऐकत नाही आणि मला काही दिसतही नाही."

तेवढ्यात आल्गोत बाहेर आला. कोपरापर्यंत पीठ, उजवी भुवई गायब. त्यानं बाईंच्या हातात काळी पोळी ठेवली.

"खा!"

बाईंनी चावा घेतला. असा कडकन आवाज झाला की बंबवाल्यानं मागे वळून पाहिलं.

"ही मी केलीय," आल्गोत म्हणाला. "चार वर्षं मी सांगत होतो की यानं आमची नोकरी पळवली. बाई, मी ती परत घेऊन बघितली. नऊ दिवसांत सहा किलो उतरलो, एक भुवई गेली. ही नोकरी कुणाची असेल ती असो, माझी नाही! आणि या खिशात हात घालून उभ्या असलेल्या गाढवाला जर तुम्ही परत पाठवलंत, तर मी स्वतः तुमच्या कचेरीत येऊन रोज तुम्हाला हेच खायला घालीन!"

मार्गितबाईंनी महत्प्रयासानं घास गिळला. "मी काहीही ऐकलेलं नाही," त्या म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "बंबवाले अहवाल लिहितात का हो?"

लिहितात! अहवालात स्वच्छ नोंदलं होतं: "सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी भट्टीवर आल्गोत हजर. नेहमीचा बेकर मलखाज रजेवर, दाराबाहेर, हात खिशात." बदली माणसाचा इतका धडधडीत पुरावा त्या कचेरीला क्वचितच मिळाला असेल. गुनवोरनं तो खुलाशाला जोडला. पत्र मात्र एका ओळीचंच लिहिलं. तेवढ्यावर थांबताना तिला घाम फुटला.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. मंजूर! कायमचा परवाना! गुनवोरनं दुकानातल्या प्रत्येकाला मिठी मारली, आल्गोतला दोनदा. मग तिनं ताठ मानेनं सगळ्यांना सांगितलं, "बघा! आमचा मलखाज आता इथलाच. पुढच्या पायरीला नागरिक!"

मलखाजनं घसा खाकरला. "गुनवोरबाई, मला सप्टेंबरात एक आठवडा रजा हवी."

"रजा? तू मागतोयस?"

"मूस हरणाच्या शिकारीचा आठवडा आहे. आल्गोतकाका म्हणाले, इथला माणूस त्या आठवड्यात कामावर दिसला तर लोक नावं ठेवतात."

गुनवोरचे डोळे भरून आले. तिच्या वडिलांनी, आजोबांनी, गावातल्या प्रत्येकानं याच आठवड्यात रजा मागितली होती. "घे रे, घे! आठवडाभर आल्गोत सांभाळेल भट्टी."

"ते कसे सांभाळतील? त्यांच्याच गाडीतून चाललोय!"

ठरल्या सोमवारी ज्याची नोकरी पळवली होती तो आणि ज्यानं ती पळवली होती तो, दोघं एकाच गाडीत बसून, एकाच थर्मासातली कॉफी पीत जंगलात गेले. गुनवोरनं बेकरीला कुलूप लावलं. दारावर ठळक अक्षरांत पाटी टांगली: "आमचा बेकर शिकारीला गेला आहे." पाटीशेजारी छाती काढून उभी राहून तिनं फोटोही काढून घेतला.

मग तिला भूक लागली. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच ती चौकातल्या दुकानात गेली, इकडेतिकडे बघितलं, कारखान्यातल्या पावाचं पाकीट विकत घेतलं आणि ते कोटाच्या आत लपवून घरी घेऊन आली.