टाकीतल्या विधवेचं लग्न

अथमानच्या बैठकीतल्या काचेच्या टाकीत एका सकाळी मोठा मासा पोट वर करून तरंगताना दिसला, आणि घरावर शोककळा पसरली. मासा काही साधासुधा नव्हता. पांढऱ्या पट्ट्यांचा तो नारिंगी क्लाउनफिश म्हणजे अथमानच्या अब्रूचा एक खांब होता. बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून अथमान गल्लीतल्या नवराबायकोंची भांडणं मिटवत असे. जुन्या मोंबासात भांडण काझीकडे जाण्याआधी कुणातरी वडीलधाऱ्याकडे जातं, आणि आमच्या गल्लीत तो वडीलधारा म्हणजे अथमान.

भांडलेलं जोडपं तो टाकीसमोर बसवायचा. "हा बघ नवरा," मोठ्या माशाकडे बोट दाखवून तो म्हणायचा, "अंगापिंडानं थोराड, घर राखून असतो. आणि ही बघ बायको. एवढीशी. त्याच्या मागं मागं. कधी आवाज ऐकलास तिचा?" माशाचा आवाज कुणीच ऐकलेला नसल्यानं या प्रश्नावर कुणाला बोलता येत नसे. बायका मान खाली घालून घरी जात. पुरुष जाताना अथमानचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवत.

आता नवराच गेला, आणि टाकीत राहिली एकटी बायको. अथमानला जोडी हवी होती, म्हणून तो बादली घेऊन मासे धरणाऱ्या पाणबुड्यांच्या होड्यांकडे निघाला. उंबऱ्यात त्याची बायको म्वानाखेरी आडवी उभी राहिली.

"कुठं?"

"हिच्यासाठी नवरा आणायला."

"टिमाचे बाबा, कालचं मढं आज विसरायचं? नवरा गेल्यावर बाई एदा पाळते. चार महिने वर दहा दिवस घरात बसते. लोकांच्या बायकांना धडे देता, आणि आपल्या घरच्या विधवेला दुसऱ्या दिवशी बोहल्यावर चढवता?"

अर्धी चेष्टा, अर्धं खरं, हा म्वानाखेरीचा नेहमीचा सूर. पण हे शेजारणीनं ऐकलं, तिनं गल्लीला सांगितलं, आणि गल्लीनं माशाची एदा मनावर घेतली. मग अथमानचाही नाइलाज झाला. लोक येता-जाता विधवेची चौकशी करू लागले.

विधवेला मात्र एदा चांगलीच मानवली. पूर्वी समुद्रफुलाच्या आडून भीत भीत डोकावणारी ती आता टाकीभर ऐटीत फिरू लागली. खाणं वाढलं, अंग भरलं. मुदत संपत आली तेव्हा ती जवळजवळ मेलेल्या नवऱ्याएवढी झाली होती.

"दुःखानं सुजली असेल," अथमान म्हणाला.

"दुःखानं नाही, सुटकेनं," म्वानाखेरी म्हणाली.

एदा संपताच अथमाननं ओळखीच्या पाणबुड्याकडून नवरदेव आणला. आणताना एकच अट घातली, असेल त्यातला सगळ्यात मोठा दे. जावई निवडताना माणूस उंची बघतोच. नवरदेव टाकीत सोडला, गल्लीत हलवा वाटला, आणि हलव्याचे हात धुऊन होईपर्यंत नवरीनं नवरदेवाची शेपटी फाडली होती.

नवरदेवही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं तिचा पर चावला. मग दोघांनी एकमेकांचे जबडे धरले आणि टाकीभर गरागरा फिरले. अथमाननं काचेवर टिचक्या मारल्या, दोघांना नावं ठेवली, आणि शेवटी बाह्या सारून पाण्यात हात घातला, तर नवरीनं त्याच्याही अंगठ्याला चावा घेतला. वाळू उसळली, पाणी गढूळ झालं. उंबऱ्यावर उभी असलेली शेजारीण वाटीतला उरलेला हलवा खात शांतपणे बघत होती. संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीला कळलं की अथमानच्या घरची नवरी नवऱ्याला मारते.

आणि नेमकी त्याच आठवड्यात त्याची एकुलती एक मुलगी टिमा, लिकोनीच्या फेरीबोटीनं खाडी ओलांडून, बॅग घेऊन माहेरी आली. घरचं झालं थोडं, नि व्याह्यानं धाडलं घोडं.

"मारलं का त्यानं?" अथमाननं घाबरून विचारलं.

"मारण्याआधी भांडायला तोंड उघडावं लागतं, बाबा. तो तेवढंही करत नाही. घर बदलायचं का, तर तू म्हणशील तसं. त्याची आई मला टाकून बोलते, तर हा मूग गिळून बसतो. मी भिंतीशी संसार करतेय. भिंत बोलणार नाही हे निदान आधीपासून माहीत असतं."

तिचा नवरा हेमेदी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत असे. माणूस सज्जन, पण सासऱ्यासमोर तर त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत नसे, आणि अथमानला जावयाचा हाच गुण आवडायचा. आता तोच गुण अंगाशी आला होता. साऱ्या गल्लीचे संसार जोडणाऱ्याची मुलगी घटस्फोट घेऊन घरी बसली, तर लोक तोंडावर हसतील, हे तर झालंच. पण त्याहून वाईट म्हणजे टिमा रात्री जेवत नव्हती, आणि बापाला ते बघवत नव्हतं.

निरोपांची जा-ये झाली. शुक्रवारच्या नमाजानंतर हेमेदी आपल्या मामाला घेऊन समेटाला येणार असं ठरलं. तोवर टाकीतला संसार ताळ्यावर आणायचा म्हणून अथमाननं जंग जंग पछाडलं. दगड हलवून दोघांना दोन घरं केली, तर दोघं एकाच घरासाठी भांडले. दिवा मालवला, तर अंधारात भांडले. शेवटी त्यानं म्वानाखेरीची नारळाचा रस गाळायची चाळणी पळवली आणि नवरदेवाला तिच्यात घालून ती टाकीत लोंबकळत ठेवली. नवरी बाहेरून चाळणीला धडका देत राहिली, आणि त्या दिवशी घरात नारळाच्या रसातली तूर शिजली नाही.

शुक्रवारी सकाळी म्वानाखेरीनं चाळणी परत घेतली. पाहुण्यांना उपाशी ठेवू का, असं तिनं विचारलं. नवरदेव पुन्हा पाण्यात मोकळा सुटला. तेवढ्यात दार वाजलं. अथमाननं हात टेकले आणि दोरीवर वाळत घातलेला बायकोचा एक कांगा, अंगाभोवती गुंडाळायचं तिचं छापील कापड, ओढून टाकीवर पांघरला. झाकली मूठ.

हेमेदीचा मामा, शेकुवे, बोलका आणि मानी. भाच्याच्या वाट्याचं सगळं तोच बोलायचा. कॉफी आली, हलवा आला, तब्येतींची विचारपूस झाली. टिमा आईशेजारी बसली होती, हेमेदी आपल्या चपलांकडे बघत होता. शेकुवेनं घसा खाकरून सुरुवात केली आणि मध्येच थांबला. त्याची नजर टाकीवरच्या कांग्यावर गेली होती.

कांग्याच्या काठाला एक ओळ छापलेली असते, आणि आमच्याकडच्या बायका शेजारणीशी भांडायला तोंडाऐवजी तीच वापरतात. पाहुणे येणार तेव्हा कुठला कांगा बाहेर दिसावा हे बाया दहादा तपासतात. अथमाननं आयुष्यात कधी कांगा वाचला नव्हता.

"मुका नवरा, ओसाड घर," शेकुवेनं मोठ्यानं वाचलं. मग तो उठला. "समेटाला बोलावलंत, आणि समोर शिवी टांगून बसलात? चल रे हेमेदी. हे घर आपल्याला नाही म्हणतंय."

"अहो मामा, ती शिवी नाही, ते टाकीचं झाकण आहे!" अथमान ओरडला.

"मासे कधीपासून कपडे घालायला लागले?"

आता दोनच वाटा होत्या. कांगा ठेवला तर मुलीचा संसार जाणार, काढला तर अब्रू. अथमाननं मुलीकडे बघितलं. तिनं तोंड फिरवून ओढणी डोळ्यांना लावली होती. त्यानं कांगा ओढून काढला.

टाकीत नवरानवरी एकमेकांचे जबडे धरून गोल फिरत होते. एकाचा पर दोऱ्यासारखा लोंबत होता.

"हे बघा," अथमान रडकुंडीला येऊन म्हणाला, "हे झाकत होतो. माझ्या घरात मासेसुद्धा नांदत नाहीत. मी लोकांना काय शिकवणार होतो कुणास ठाऊक. याला नवरा कसं व्हायचं कळत नाही, तिला बायको कसं व्हायचं कळत नाही."

"बाबा," हेमेदी म्हणाला.

सगळ्यांनी वळून बघितलं, कारण हा आवाज कुणाचा हे पटकन कुणाच्या लक्षात आलं नाही.

"बाबा, नवरा कुणीच नाही. दोघी बायका आहेत."

हेमेदी उठून टाकीपाशी गेला. या माशांत मोठी असते ती बायको, तो सांगू लागला. घर तीच राखते, लहान असतो तो नवरा. बायको मेली की नवरा वाढतो, आणि हळूहळू तोच बायको होतो. तुम्ही विधवा म्हणून बसवलात तो विधुर होता. एदा पाळता पाळता तो बाई झाला, आणि तुम्ही शोधून शोधून त्याच्याएवढी दुसरी बाई आणलीत. एका घरात दोन मालकिणी, मग दुसरं काय होणार?

शेकुवे आपोआप खाली बसला.

"तुला हे कधीपासून माहीत आहे?" टिमानं विचारलं.

"मागणी घालायला आलो तेव्हाच बघितलं होतं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"काय बोलू? मुलगी मागायला आलोय, आणि तिच्या बापाला सांगू की तुमचा नवरा बायको आहे?"

टिमाला हसू आवरेना. हसता हसता ती रडली, आणि रडता रडता तिनं बॅग भरायला घेतली. नवरा बोलला होता, तोही तिच्या बापासमोर, आणि तेवढंच तिला हवं होतं. म्वानाखेरीनं जावयाला फक्त एक प्रश्न विचारला. "म्हणजे आधी घर राखायचा तो मेलेला मासा बाई होती?"

"हो, आई."

ती अथमानकडे बघत राहिली, आणि त्यानं हलव्याची ताटली शेकुवेपुढे सरकवली.

पाणबुड्यानं मोठी मासळी परत घेतली आणि बोटभर लांबीचा एक मासा दिला. टाकीत शांतता झाली. अथमानची समेटाची बैठक मात्र मोडली. नंतर आलेल्या पहिल्याच जोडप्यातली बाई सरळ टाकीपाशी गेली आणि नवऱ्याला म्हणाली, "बस इथं, आणि नीट बघ." तो पुन्हा आला नाही. अथमान मनातून खचला होता. एकाच गोष्टीचं समाधान होतं. मुलगी आपल्या घरी नांदत होती.

महिना झाला असेल नसेल. अथमान ओट्यावर बसला होता, तर समोरून टिमा येताना दिसली. हातात तीच बॅग.

"आता काय झालं?"

"बाबा, तो थांबतच नाही," टिमा मटकन खाली बसली. "चहात साखर किती, सांगतो. कांदा कुठून चिरायचा, सांगतो. काल फेरीबोटीवर माझ्या मैत्रिणीला तिचा नवरा कुठं चुकतो ते सांगत होता. त्याच्या आईलासुद्धा उलटून बोलतो, आणि ती सगळं माझ्या नावावर घालते. तुमच्यासमोर तोंड उघडलं त्यानं, ते अजून मिटलं नाही. तुम्हीच बोलता केलात, आता तुम्हीच त्याला गप्प करा."

अथमाननं खूप विचार केला. बायकांना गप्प कसं बसवायचं यावर त्यानं आयुष्यभर भाषणं दिली होती. पण नवऱ्याला गप्प कसं करतात, हे त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं. ती विद्या या घरात एकाच माणसाकडे होती. त्यानं मुलीची बॅग उचलली, आणि तिच्या आईला हाक मारली.