मोठ्या बागेच्या हिरवळीचा पाडाव

श्रीवनदेवता सुप्रसन्न असो. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सर, चैत्र मास चालता, ते समयी एका नगरात जे वर्तमान जाहले ते देखिल्या-ऐकिल्याप्रमाणे लिहितो. नगराचे नाव लिहीत नाही; कारण तेथील लोक मानी, आणि लेखकास तेथेच नांदणे आहे.

त्या नगरी पाच सार्वजनिक बागा, आणि पाचांवर अंमल उद्यान अधीक्षक नारोपंत भडकमकर यांचा. पंतांचा बांधा ठेंगणा, पोट चालीत दोन बोटे पुढे, डोईस सुती टोपी आणि गळ्यात शिट्टी. चोवीस वर्षे चाकरी जाहली, परंतु कोणी झाडाचे नाव पुसिले तर पंत आधी पाटी वाचीत आणि मग सांगत. तथापि एका गोष्टीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मोठ्या बागेच्या मध्यभागी दीड बिघा हिरवळ त्यांनी अशी राखिली होती की पाहणारास वाटावे, आत्ताच कोणी धुऊन वाळत घातली आहे. पंत रोज सकाळी तिजकडे पाहात चहा घेत आणि आपल्याशीच म्हणत, "एवढं एकच काय ते धड जमलं."

त्या साली उन्हाने चैत्रातच स्वारी केली. धरण तळास गेले, नळास चौथे दिवशी पाणी येऊ लागले. आणि नेमके त्याच समयी नगराध्यक्षांनी मसलत केली की सुट्टीत बागांमध्ये उन्हाळी शिबिर भरवावे, मुलांस कवायत, लगोरी आणि मातीकाम, बायकांस योगासने, म्हाताऱ्यांस हास्यमंडळ. आणि अक्षय्य तृतीयेस खासा आपण मोठ्या बागेत येऊन हिरवळीवर उद्घाटन करावे. मग पंतांस बोलावून पुसिले, "भडकमकर, हिरवळ तोवर टिकेल ना?" पंतांस शत्रू फार नव्हते, परंतु त्यांचे तोंड एकटेच पुरेसे होते. ते बोलून गेले, "साहेब, त्या दिवशी तुम्हाला बूट काढून चालावंसं वाटेल." बोलून गेले, आणि घरी पोहोचेतो सदरा घामाने भिजला.

मग पंतांनी हिरवळीच्या रक्षणाचा मोठा उद्योग मांडिला. गाळून शुद्ध केलेल्या सांडपाण्याचे टँकर आणविले आणि दिवसाआड शिंपडविले. हिरवळ हिरवी राहिली, परंतु वास ऐसा सुटला की बागेत येणारे नाकास रुमाल लावो लागले. चहूंकडे दोर बांधिला आणि जागोजाग पाट्या रोविल्या: हिरवळीवर चालू नये, हिरवळीवर बसू नये, हिरवळीवर पडलेली वस्तू उचलू नये. ही शेवटची पाटी कशासाठी, हे पंतांसही पुढे सांगता येईना. शिबिराचे खेळ हिरवळीवर व्हावयाचे, म्हणोन हिरवळ राखणे. आणि हिरवळ राखणे, म्हणोन खेळ तिजवर होऊ न देणे, ऐसा निवाडा पंतांनी केला आणि उद्घाटनापूर्वीची शिबिराची अवघी तालीम पंपघराजवळच्या फरशीवर पाठविली. तेथे योगासने करणाऱ्या बायकांची पाठ शेकून निघाली. त्यांतील एक बाई पंतांसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो पंत, हे गवत काय लोणच्याला घालणार आहात?" पंतांनी उत्तरादाखल शिट्टी वाजविली. त्या दिवसांत पंत कोणाशी बोलत नसत; जे सांगणे ते शिट्टीने सांगत. एके दिवशी घरी भाजीत मीठ कमी पडले तेव्हाही हात गळ्याकडे गेला, ऐसे त्यांच्याच तोंडून ऐकिले आहे.

ऐसे चालले असता एके सकाळी अंबादास मास्तर सोनटक्के आणि त्यांच्या पत्नी शेवंताबाई बागेत आले. मास्तर म्हणजे नगरच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षे कवायत शिकविलेले. ज्यांच्या हाताखालून निम्मे नगर डावा-उजवा करीत मोठे जाहले, पंत त्यांतलेच. गेल्या पौषात मास्तरांस अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग लुळे पडले आणि वाचा अडखळो लागली. शेवंताबाई पंतांस लहानपणाच्या नावाने हाक मारीत. त्या म्हणाल्या, "नारायणा, डॉक्टर सांगतात, ह्यांना अनवाणी गवतावर चालवा. मऊ असतं, पडले तरी लागत नाही. रोज थोडा वेळ आत जाऊ दे."

पंतांचा हात दोर उचलावयास गेला. परंतु दोराकडे पाहिले, पाट्यांकडे पाहिले, आणि मनात आले की आज मास्तर गेले तर उद्या कोणास कोणत्या तोंडाने अडवावे. मग म्हणाले, "काकू, नियम सगळ्यांना सारखा. अक्षय्य तृतीया होऊ द्या, मग मी स्वतः नेईन त्यांना."

"तोपर्यंत पाय ऐकतील का रे?" ऐसे म्हणोन शेवंताबाईंनी मास्तरांस कडेच्या फरसबंद वाटेवर नेले.

तिसरे दिवशी त्या वाटेवरील एक फरशी उचकटली होती, तिला मास्तरांचा पाय अडला आणि मास्तर तोंडघशी पडले. कपाळ फुटले, चष्मा चुरला. पंतांनी धावत जाऊन त्यांस उचलिले आणि रिक्षात घातले. मास्तरांचे रक्त पंतांच्या सदऱ्यास लागले. इस्पितळात टाके पडले, जखम फार खोल नव्हती. परंतु त्या दिवसापासून मास्तरांनी उभे राहणेच सोडिले. तोंड भिंतीकडे करून पडून राहिले. बोलणे नाही, खाणे नावापुरते.

पंत परत बागेत आले तो हिरवळ उन्हात लखलखत होती, आणि माळीकामाची मुकादम गयाबाई लोखंडे दोराबाहेर उभी राहून नळीने पाणी घालीत होती. पंत तिला म्हणाले, "गयाबाई, छान दिसते ना?" तिने वर न पाहता उत्तर दिले, "दिसते की. वीस वर्षं पाणी घालते साहेब, अजून पायाला कशी लागते ते ठाऊक नाही." मग ती नळी ओढीत पुढे गेली. त्या दिवशी पंतांचा चहा कपातच निवला.

दुसरे दिवशी दोन प्रहरी पंत मास्तरांच्या घरी गेले. शेवंताबाईंनी दार उघडिले, पाणी दिले, परंतु "ये" म्हटले नाही. पंत पलंगाजवळ बसून म्हणाले, "मास्तर, चूक झाली." मग म्हणाले, "मास्तर, दोर काढतो. उद्यापासून गवतावर चला." मास्तरांचे तोंड भिंतीकडेच. शेवंताबाई म्हणाल्या, "काही उपयोग नाही. मला एकदाच खुणेने सांगितलं, आता पडायचं ते घरातच पडेन."

पंतांचा हात गळ्याकडे गेला. शिट्टीही त्या समयी काय कामाची? मग ते उठले आणि म्हणाले, "मास्तर, शिबिरातल्या पोरांना कवायत शिकवायला माणूस मिळत नाही. ती माझ्याच गळ्यात पडली आहे. बरोबर होते का, तेवढं तरी बघा." ऐसे म्हणोन त्या लहानशा खोलीत पोट सावरीत पंत संचलन करो लागले. डाव्या पायासवे डावाच हात पुढे जाई, उजव्यासवे उजवा. वळते वेळी चुकीच्या अंगास वळले आणि औषधांच्या तिवईवर आदळले. बाटल्या गडगडल्या. भिंतीकडून आवाज आला, "उ... उलट."

पंत थबकले. "काय म्हणालात मास्तर?"

मास्तरांनी मान वळविली. डोळ्यांत संताप होता. "हात... उलट. गाढवा... पुन्हा."

शेवंताबाईंनी पदर तोंडाशी धरिला; पडल्यापासूनचे ते पहिले शब्द. गाढव ही पदवी पंतांस यापूर्वीही बहुतांनी दिली होती, परंतु इतकी गोड कधी लागली नव्हती. ते पुन्हा चालले आणि पुन्हा चुकले, आणि मास्तर डाव्या कोपरावर जोर देऊन उठून बसले. लोक म्हणतात, पंतांनी ती चूक जाणून केली. लेखकाने हे पंतांस पुसिले तेव्हा ते म्हणाले, "अहो, कवायत मला जाणून बरोबर करता आली असती, तर चूक जाणून केली म्हणण्यात अर्थ होता."

दुसरे दिवशी सूर्योदयास पंतांनी स्वहस्ते दोर सोडिला आणि पाट्या उपटिल्या. गयाबाई म्हणाली, "साहेब, मग हिरवळ गेली समजा. टाचांखाली आठ दिवस टिकायची नाही."

"गेली."

"आणि अध्यक्षसाहेब?"

"ते यायचेत अजून. तू तर ये."

गयाबाईने वहाणा काढिल्या आणि लुगडे किंचित उचलून हिरवळीवर पाऊल ठेविले. दोन पावले चालली, मग खाली पाहून म्हणाली, "गुदगुल्या होतात की!" आणि हसो लागली. मागाहून मास्तर आले. एका अंगास शेवंताबाई, एका अंगास पंत. पहिले दिवशी मोजकी पावले पडली आणि मग तिघेही एकमेकांवर कोसळले. पंत सर्वांत खाली होते, आणि पोटाचा उपयोग प्रथमच कोणास जाहला. मास्तर गवतावर पडल्या पडल्या हसले. मग ही वार्ता नगरात पसरली आणि लगोरीवाले आले, हास्यमंडळ आले, योगासनांच्या बायका आल्या. संध्याकाळी हिरवळीवर तीळ ठेवावयास जागा उरेना. पंत रोज पाहात आणि रोज एखादा हिरवा तुकडा पिवळा होई. पंतांच्या जिवास फार लागे. "आपलं लेकरू आपणच जत्रेत सोडलं," ऐसे ते गयाबाईस म्हणाले. आणि मग स्वतःही वहाणा काढून त्याच जत्रेत शिरले.

वैशाख शुद्ध तृतीया, भौमवार. नगराध्यक्षांची स्वारी वाजंत्रीसह दाखल जाहली. पाहतात तो कोठे पिवळे गवत, कोठे उघडी माती, आणि वाऱ्यासवे धूळ. नगराध्यक्षांनी पुसिले, "भडकमकर, हिरवळ कुठे आहे?"

"साहेब, लोकांच्या तळव्यांना लागून घरोघर गेली."

"ही थट्टेची वेळ आहे?"

"नाही साहेब. थट्टा माझीच झाली आहे."

नगराध्यक्ष रागाने माघारी वळो लागले, इतक्यात बकुळीखालून अंबादास मास्तर निघाले. हातात काठी, शेवंताबाई चार हात मागे, धरणारा कोणी नाही. मुलांच्या रांगा उभ्या होत्या, तेथवर त्यांस जावयाचे होते. डावा पाय पडे, मग उजवा ओढून येई, मग श्वास. पंत त्यांच्यापुढे हात पसरून उलट पावली चालत होते, की पडले तर झेलावे. आणि उद्घाटनास अंथरलेल्या सतरंजीस अडखळून आपणच पाठीवर पडले. लोक हसले. मास्तर थांबले नाहीत. पंतांस वळसा घालून रांगांपुढे जाऊन उभे राहिले. रांग वाकडी होती. मास्तरांनी ती पाहिली, मान ताठ केली आणि जड जिभेने हुकूम सोडिला, "साऽऽ... वधान!"

मुले ताठ जाहली. आणि नगराध्यक्षांच्याही टाचा खटकन जुळल्या, हात मांड्यांस चिकटले. तेही याच मास्तरांच्या हाताखालचे. आपण काय केले हे त्यांस क्षणभराने उमगले. मग त्यांनी मास्तरांस वाकून नमस्कार केला, आणि उद्घाटन त्याच धुळीत यथासांग जाहले.

परंतु राज्य ते राज्य. आठवे दिवशी हुकूम आला की नारोपंतांनी हिरवळीच्या निगेत हयगय केली, सबब त्यांचा अंमल काढून त्यांस केवळ पाचव्या बागेवर नेमिले आहे. ती बाग वेशीबाहेर पाण्याच्या टाकीजवळ. तेथे तीन कडुनिंब आणि एक मोडका झोपाळा, गवताची काडी नाही. पंतांनी ती फिरून पाहिली आणि म्हणाले, "बरं झालं. इथं आपल्या हातून बिघडेल असं काही शिल्लक नाही." मोठ्या बागेत नवे अधीक्षक आले. पर्जन्यानंतर गवत पुन्हा फुटले तेव्हा त्यांनी दोर लाविला. लोकांनी तो दुसरे दिवशी सोडिला. ऐसे तीन वेळा जाहल्यावर त्यांनीही दोर कोठीत ठेविला.

येणेप्रमाणे हकीकत. नारोपंतांस हिरवळ राखावी म्हणोन नेमिले होते, ती त्यांनी गमाविली. माणूस चालवावा ऐसा हुकूम कोठेच नव्हता, तो चालविला. सबब चाकरीत दोन्हीकडून उणे पडले. लेखनात न्यून असेल ते लेखकाचे. अधिक काही नाही.