गुरुसिद्धाप्पांनी रसयंत्र आणिले त्याची हकीकत

श्रीबसवेश्वर समर्थ. शके एकोणीसशें सत्तावीस, पार्थिव नाम संवत्सरे, चैत्र वद्य पक्षी करवीर शहरी मंगळवार पेठेत जे थोर वर्तमान जाहले, ते येथे लिहितो. पूर्वी राजेरजवाड्यांनी किल्ले घेतले, त्यांच्या हकीकती लिहिणारे बहुत जाहले. परंतु गृहस्थाने स्वयंपाकघरात एक यंत्र आणावे आणि त्यापायी काय काय सोसावे, हे कोणी लिहून ठेविले नाही. सबब ज्यास पुढे असे यंत्र घेणे पडेल त्याने हे वाचून शहाणे व्हावे. शहाणे होणे नशिबी नसेल तर हसावे.

पेठेत गुरुसिद्धाप्पा पट्टणशेट्टी म्हणोन दोरखंडाचे व्यापारी. काथ्या, सुंभ, कासरे आणि नायलॉनची दोरी इतक्या मुलखावर त्यांचा अंमल. उमर पन्नास, मिशी भरघोस, पोट स्वारीच्या एक हात पुढे चालणारे. त्यांचा लौकिक चौकशीबद्दल. कोणतीही वस्तू घेणे ती चौकशी केल्याविना घेणे नाही, हा घराण्याचा शिरस्ता. एके साली पंखा घ्यावयाचा होता, त्याची चौकशी अवघा उन्हाळा चालली आणि पंखा दाखल जाहला तो भर पावसाळ्यात. मग इस्त्रीची चौकशी केली, ती इस्त्री तापेना. मग धूळ ओढणारे यंत्र आणिले, त्याने धूळ ओढली थोडी आणि उडविली बहुत. इतके होऊनही लोक सल्ल्यास येत आणि खासे, म्हणजे खुद्द गुरुसिद्धाप्पा, सल्ला देत. आपली निवड हरवेळी चुकते, हे खाशांस मनातून पक्के ठाऊक होते. परंतु मनातील गोष्ट दप्तरी दाखल करण्याचा शिरस्ता नाही.

त्यांच्या मातोश्री बसम्मा. उमर पंचाहत्तर, माहेर संकेश्वराकडील, हुकूम निम्मा मराठीत आणि निम्मा कानडीत. त्यांस विषमज्वर जाहला. अकरा दिवस इस्पितळात मुक्काम करून ज्वराचा मोड केला आणि स्वारी घरी आली, परंतु जाता जाता गनिमाने भूक लुटून नेली. भात पुढे करावा तर "ब्याड", म्हणजे कानडीत नको, पेज पुढे करावी तर "ब्याड", ताकाची वाटी नुसती दिसली तरी "ब्याड". हातातील बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. मग एके सायंकाळी त्यांनी सूनबाई शिवलीलाबाईंस जवळ बोलाविले आणि आपले कोणते इरकली लुगडे कोणास द्यावे, हे एकेक करून सांगितले. गुरुसिद्धाप्पा दाराआड उभे होते. त्यांनी ते ऐकिले आणि दुकानात जाऊन उगाच एक कासरा तीन वेळा उकलला आणि तीन वेळा गुंडाळला.

दुसरे दिवशी डॉक्टरांनी फर्मान काढिले, की म्हातारीस दोन वेळ ताज्या फळांचा रस द्यावा, घरी काढलेला द्यावा, गाड्यावरील बर्फाचा सर्वथा देऊ नये. पोटात चार घोट गेले म्हणजे भूक जागी होईल. शिवलीलाबाई म्हणाल्या, "फडक्यातनं पिळून देते की आत्ताच. यंत्र-बिंत्र कशाला?" परंतु खाशांची गैरमर्जी जाहली. मातोश्रींचा जीव आणि पट्टणशेट्टींची चौकशी, यांमध्ये फडके येणे हा कमीपणा वाटला. त्यांनी हुकूम सोडिला, की उत्तमात उत्तम रसयंत्र घरी येईल आणि ते पूर्ण चौकशीअंती येईल. बाईंनी तरी गुपचूप मोसंबे पिळून पाहिले, ते बियांसह पिळले गेले आणि मातोश्रींनी "कडू" म्हणोन भिंतीकडे तोंड फिरविले. खाशांस वाटले, आपला पक्ष बळकट जाहला.

मसलतीस शेजारचे आण्णा आले. हे उद्यमनगरात तीस वर्षे लेथवर होते, सबब जगातील यच्चयावत वस्तूंमध्ये त्यांस फक्त मोटार दिसे. त्यांनी सांगितले, "आप्पा, बाकी सगळं झूट. मोटार बगा. वॅट इचारा, फेरे इचारा, कॉपर वायंडिंग हाय का न्हाय इचारा." मग दोघांनी जुन्या कॅलेंडराच्या पाठीवर बावीस रकाने आखिले आणि खाशांची स्वारी कूच जाहली. पहिले दिवशी लक्ष्मीपुरीवर चालून गेले, दुसरे दिवशी महाद्वार रोड धुंडिला, तिसरे दिवशी राजारामपुरीच्या गल्ल्या एकामागून एक पालथ्या घातल्या. दुकानदार यंत्रे काढून दाखवीत आणि खासे झाकण उघडून आत डोकावत आणि "हूं" म्हणत आणि रकान्यात लिहीत. काही यंत्रे मिक्सरास जोडून चालणारी, काही स्वतंत्र फिरकीची, ज्यांत जाळीचे पाते गरगर फिरे आणि रस एकीकडे आणि चोथा दुसरीकडे उडे. असे सहा दिवस गेले. रकाने भरले आणि मातोश्रींची खाट दिवसेंदिवस मोठी दिसू लागली.

सातवे दिवशी राजारामपुरीत आकाराम नामे दुकानदार भेटला. त्याने बावीसही प्रश्नांस उत्तरे दिली आणि मग आपला एकच प्रश्न केला. "पावणं, रस कशाचा काढायचाय?"

खाशांनी कागद उलटा केला, सुलटा केला. असा रकाना कोठे नव्हता. दुकानात चार गिऱ्हाईके उभी होती आणि सर्वांच्या नजरा त्यांचेवर होत्या. तेव्हा अब्रू राखणेकामी खाशांनी उत्तर दिले, "सगळ्याचा!"

ज्यास सगळ्याचा रस काढणे आहे त्यास दुकानातील सर्वांत थोर यंत्र द्यावे लागते. आकारामाने ते दिले. खोका एवढा की रिक्षात खासे आणि खोका मिळून बसेनात, तेव्हा खोका बसला आणि खासे अर्धे बाहेर लोंबत मंगळवार पेठेत दाखल जाहले.

मग त्याच सायंकाळी यंत्र ओट्यावर चढविले. आण्णा पांढरा सदरा घालून हजर जाहले, कारण मोटारीचे पूजन त्यांचे हस्ते व्हावयाचे होते. गाजरे आणि बीट यांची रसद सिद्ध होती. झाकणास दोन बाजूंनी दोन खिट्ट्या. खाशांनी एक लाविली आणि दुसरी लावण्याचे आधी बटण दाबिले. यंत्राने जी गर्जना केली ती तालमीपर्यंत गेली. मग यंत्र आपल्या पायांनी ओट्यावर चालू लागले, आणि खासे त्यास धरण्यास धावले, आणि झाकण उडाले, आणि बिटाचा लाल मारा भिंतीवर, छतावर आणि आण्णांच्या सदऱ्यावर जाहला. आतील खोलीतून मातोश्रींचा आवाज आला, "ट्रक घुसला काय रं घरात?"

रस निघाला तो निम्मा पेला, त्यात निम्मा फेस. खासे तो दोन्ही हातांनी धरून आत गेले. मातोश्रींनी पेल्यात पाहिले आणि पुसले, "रगात हाय व्हय हे?" आणि डोळे मिटून घेतले. शिवलीलाबाईंनी यंत्र उलगडले, त्याचे अकरा भाग एका ओळीत खाशांपुढे मांडिले आणि आज्ञा केली, "आता हे तुमी धुवायचं." जाळीत बिटाचे तंतू असे रुतले होते की घासणीस दाद देईनात. तेव्हा खाशांनी आपला दात घासण्याचा ब्रश खर्ची घातिला आणि पाऊण तास जाळीशी झुंज दिली.

सकाळी पुन्हा मोहीम मांडावी तो वीज गेली. त्या साली वीज रोज जात असे आणि नेमकी रसाच्या वेळी जात असे. ज्याच्या मोटारीची कीर्ती आण्णांनी गाइली, ते यंत्र ओट्यावर मुके उभे राहिले. आण्णांकडे पाहावे तर आण्णा नवा सदरा आणण्यास गेलेले.

तेव्हा गुरुसिद्धाप्पा मातोश्रींच्या खाटेपाशी जमिनीवर बसले. सात दिवस दुकाने फिरले, परंतु या खोलीत असे बसले नव्हते, येत ते उभ्याउभ्या "कसं हाय अव्वा?" पुसून जात, कारण त्या बांगड्यांकडे पाहवत नसे. चौकशीचे निमित्ताने आपण घरातून पळत होतो, हे त्यांस तेथे बसल्यावर कळले. हे वाक्य खाशांनी वगळण्यास सांगितले होते, परंतु खरे ते लिहिणे भाग.

मग त्यांनी पुसले, "अव्वा, तुला कशाचा रस पायजे?"

मातोश्रींनी डोळे उघडिले. "आज इचारलास व्हय? सगळ्या कोल्हापूरला इचारून झालं, मग मला?" आणि थोडे थांबून म्हणाल्या, "काळी द्राक्षं. दुसरं काय न्हाय."

दुसरी मोहीम शिवलीलाबाईंच्या सरदारकीखाली निघाली. खाशांकडे खोका उचलण्याचे काम राहिले. आकारामाने खोका उघडिला, बिटाचे डाग पाहिले आणि म्हणाला, की वापरलेली वस्तू परत घेण्याचा रिवाज नाही. बाईंनी उत्तर केले, "परत कोण देतंय? बदलून द्या. सासू उपाशी हाय माजी, आठ दिस झालं." ते ऐकून आकाराम खोका आत घेता जाहला, आणि तह जाहला.

बाईंनी प्रश्न दोनच केले. धुवायला भाग किती, आणि लाईट नसली तर काय. आकारामाने शिडी लाविली आणि वरच्या फळीवरून धूळ बसलेले एक यंत्र काढिले. त्यास मोटार नाही, वायर नाही. टेबलाच्या कडेस पेचाने आवळावे, वरून फळ घालावे आणि हाताने दांडा फिरवावा; आतील मळसूत्र फळ चेचीत नेते, रस खाली पडतो आणि चोथा तोंडातून बाहेर येतो. धुवावयास भाग तीन. बाईंनी टोमॅटो मागवून घातिला, स्वतः दांडा फिरविला, चोथा दोन बोटांत घेऊन पिळून पाहिला. एक थेंब निघाला नाही. मग त्यांनी खाशांच्या खिशातील बावीस रकान्यांचा कागद मागून घेतला. खाशांस वाटले, आता ताडून पाहणार. बाईंनी त्यात चोथा गुंडाळिला आणि म्हणाल्या, "हेच द्या."

द्राक्षांचा हंगाम सरत आला होता. दोन बाजार फिरून काळ्या द्राक्षांची एक करंडी मिळाली, तीही वरची बरी आणि खालची मऊ. घरी येऊन निवडली, धुतली, यंत्र खाटेजवळील टेबलास आवळिले. दांडा फिरविण्याचा मान खाशांनी मागून घेतला आणि अंगात वीरश्री संचरून तो असा गरगर फिरविला की टेबल डुलू लागले आणि द्राक्षे वरच्या तोंडातून उलट उसळून अंगावर आली.

मातोश्री पाहत होत्या. किती दिवसांत त्यांनी कशाकडे इतके पाहिले नव्हते. मग एकाएकी कोपरावर भार देऊन उठल्या.

"तसं न्हाय रं! झटापट करतोयस व्हय त्येच्यासंगं? जातं फिरवल्यागत फिरव, दमानं. सर तिकडं."

आणि खाशांचा हात बाजूला करून त्यांनी स्वतः दांडा धरिला. ज्या हाताने चाळीस वर्षे जोंधळा दळला, तो हात आता काडीसारखा जाहला होता, परंतु लय विसरला नव्हता. एक फेरा, दोन फेरे, मग दम, मग आणखी तीन. जांभळ्या रसाची बारीक धार पेल्यात पडू लागली. सहावा फेरा खाशांनी मातोश्रींच्या हातावर हात ठेवून पुरा केला आणि तो दमाने केला.

मातोश्री निम्मा पेला प्याल्या. ओठ पुसले. खासे बातमीची वाट पाहणाऱ्या हरकाऱ्यासारखे तोंडाकडे पाहत राहिले.

"ग्वाड हाय," त्या म्हणाल्या. "पर ह्येचा पोटाला काय आधार न्हाय बाबा. शिवलीला, भाकरी हाय काय गं?"

शिवलीलाबाई लगबगीने स्वयंपाकघरात गेल्या आणि तवा चुलीवर आदळल्याचा आवाज आला. गुरुसिद्धाप्पा खिडकीकडे वळले आणि बराच वेळ वळलेलेच राहिले. पुढे पुसता सांगितले, की डोळ्यात द्राक्षाचे साल गेले होते. मातोश्रींनी उरलेला पेला त्यांजकडे सरकविला आणि आज्ञा केली, "हे तू पी. लई फिरलास." खाशांनी तो घोटाघोटाने संपविला.

दुसरे दिवशी दोरखंडाच्या दुकानात खाशांनी जाहीर केले, की हातयंत्रच उत्तम हे आपणांस पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, मोटारीचे केवळ पारखून पाहिले. शिवलीलाबाई डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ऐकिले आणि खोडून काढिले नाही.

ऐसे हे रसयंत्र चैत्र वद्य दशमीस, दिवसा उजेडी, वीज नसता सर झाले. आपल्या बाजूस जखमी एक सदरा, कामी आला एक ब्रश. त्याच दिवशी मातोश्री बसम्मांनी दुधात कुस्करून अर्धी भाकरी खाल्ली, आणि वर "मीठ कमी हाय" म्हणाल्या. फत्ते यंत्राची म्हणावी की भाकरीची, हे ज्याने त्याने ठरवावे. फत्ते जाहली, इतके खरे.