अनुमानाबाहेरचा भटू

देशात पुढल्या वर्षांत किती वीज तयार होईल आणि त्यापायी किती कार्बन हवेत जाईल, याचं अनुमान सुरतेतल्या एका थंडगार कार्यालयात काढलं जातं. मुख्य अनुमान अधिकारी योगेंद्रभाईंनी आपला आलेख परदेशातल्या परिषदेत दाखवला, तेव्हा त्यातली कार्बनची रेघ इतकी देखणी खाली उतरत होती, की पाहुण्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. उन्हाळ्यात प्रत्यक्ष आकडे आले. रेघ वर चालली होती.

तातडीची बैठक भरली. नव्यानेच रुजू झालेल्या जागृतीने विचारलं, "सर, अनुमान बदलू या का?"

योगेंद्रभाईंनी तिच्याकडे दयेने पाहिलं. "टाळ्या पडलेलं अनुमान बदलता येत नाही. चुकलाय तो देश. देश दुरुस्त करायचा."

देशाचा नेमका कोणता भाग दुरुस्त करायचा, एवढाच प्रश्न उरला. पलसाण्याच्या, कापड रंगवणाऱ्या डाईंग मिलांना हात लावायचा नाही, कारण त्यांचा धूर 'विकास' या सदरात मोडतो. बंगल्यांतल्या एसींना लावायचा नाही, कारण ते 'जीवनमान'. राहिलं कोसाड, शहराच्या कडेची मजुरांची वसाहत. तिथल्या खोलीत एक दिवा आणि एक पंखा असतो, असं अनुमानात गृहीत धरलं होतं, आणि लोक बिनदिक्कत त्याहून जास्त वीज जाळत होते. याला 'अनुमानबाह्य वापर' म्हणतात. कोसाडची दुपारची वीज बंद झाली.

काही दिवसांनी कोसाडच्या मंगलाबाई कार्यालयात आल्या. त्यांचा नवरा भटू डाईंग मिलच्या वाफेत जन्मभर उभा राहिला होता आणि आता त्याची छाती ऑक्सिजनच्या मशीनवर चालत होती. मंगलाबाईंसारखेच योगेंद्रभाईही मूळचे खानदेशचे, त्यांना अहिराणी पक्की कळत होती. उत्तरं मात्र त्यांनी छापील मराठीतच दिली.

"साहेब, लाईट गई का मशीन बंद पडस. त्यास्ना जीव घाबरा व्हस."

"बाई, अनुमानात तुमच्या घरी मशीनच नाही."

"पन घरमा शे ना!"

"घरात असून काय उपयोग? आधी अनुमानात यायला हवं. पुढची दुरुस्ती पाच वर्षांनी."

"तोवर त्यास्नी श्वास कसा लेवाना?"

योगेंद्रभाई मनापासून हळहळले. "सकाळी घ्यायला सांगा. सकाळी पुरवठा आहे."

मंगलाबाईंनी कानातलं मोडून डिझेलचा लहानसा जनरेटर आणला. त्याबरोबर कार्यालयाचा कार्बन विभाग खडबडून जागा झाला. पलसाण्याच्या धुराड्यांचा धूर या विभागाला कधी दिसला नव्हता, कारण तो अपेक्षित होता. कोसाडच्या गॅलरीतला धूर लगेच दिसला. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात आमचा हात कोण धरणार! पथक आलं आणि जनरेटर उचलून घेऊन गेलं. पंचनाम्यात 'पर्यावरणाची हानी' असं लिहिलं आणि साक्षीदार म्हणून खाटेवरच्या भटूचीच सही घेतली. हे सांगताना तोंडात शिवी येते, पण पंचनाम्यात तिच्यासाठी रकाना नसतो.

एका दुपारी भटू गेला. त्याच्यासारखे आणखीही काही गेले असावेत, कारण त्या आठवड्यात कोसाडचा वापर अनुमानाशी तंतोतंत जुळला आणि वीज पूर्ववत झाली. भेटायला आलेल्या बायकांमध्ये मंगलाबाई बसल्या होत्या, तेव्हा डोक्यावरचा पंखा फिरू लागला. कोपऱ्यातलं मशीनही आपोआप सुरू झालं आणि रिकाम्या खाटेकडे हवा सोडत राहिलं. कुणालाच उठून ते बंद करवेना.

"आते हाऊ वारा काय कामना?" मंगलाबाई म्हणाल्या.

योगेंद्रभाईंना अचूक अनुमानाबद्दल पुरस्कार मिळाला. सत्काराला सुरतेतली सगळी बडी मंडळी होती.

ही हकिकत आम्ही पुष्कळ सुशिक्षितांना सांगितली. सगळे हळहळले, सगळ्यांनी सरकारला नावं ठेवली. मग जाता जाता, आवाज खाली आणून, प्रत्येकाने एकच गोष्ट विचारली. तुमच्याही मनात तीच आली असणार, म्हणून सांगून टाकतो: नाही, तुमच्या भागातली वीज जाणार नाही. निर्धास्त झोपा.